कर्ता कोण, कर्म कोण?

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात आणि विरोधक त्या चहापानावर बहिष्कार टाकतात. सरकार कोणाचेही असो, बातमी बहुधा तीच. आता तर बहिष्कार हा शब्दही अपुरा वाटू लागला आहे. सिनेमाचा ट्रेलर आला, बॉयकॉट करा. क्रिकेटचा सामना ठरला, बॉयकॉट करा. सोसायटीत मेंटेनन्सवरून वाद झाला की रात्री साडेदहाला ग्रुपवर संदेश पडतो : त्या तिसऱ्या मजल्यावाल्याला सगळ्यांनी बॉयकॉट करा. खाली पंधरा अंगठे.

त्या पंधरा जणांना माझे काही सांगणे आहे. अंगठा दाबण्याआधी हे क्रियापद कुठून आले आणि आपल्याकडे येऊन त्याचे काय झाले, एवढे एकदा वाचा. व्याकरणाच्या तासाला बाई विचारायच्या तेच दोन प्रश्न शेवटी मी तुम्हाला विचारणार आहे : कर्ता कोण, कर्म कोण?

मुळात या शब्दात ‘बॉय’ही नाही आणि ‘कॉट’ही नाही. हे एका माणसाचे आडनाव आहे. काही जणांना लगेच इंग्लंडचा चिवट सलामीवीर जेफ्री आठवेल, पण तो हा नव्हे. हा चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. जन्म १८३२, इंग्लंडच्या नॉरफकमध्ये. काही काळ लष्करात होता म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. १८८० साली तो आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, लॉक मास्क नावाच्या सरोवराकाठी राहत होता. लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या तिथल्या जमिनीचा तो कारभारी होता. खंड वसूल करणे, थकला तर नोटीस काढणे आणि कुळाला जमिनीवरून उठवणे ही त्याची कामे. आपल्याकडच्या खोताच्या कारकुनाची गोष्ट ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल, त्यांना हा माणूस चटकन कळेल.

त्या वर्षांत आयर्लंडमधली पिके बसली होती. १८७९ मध्ये मायकेल डेव्हिट आणि चार्ल्स पार्नेल यांनी कुळांची संघटना उभी केली होती, लँड लीग. योग्य खंड, जमिनीवरून उठवले न जाण्याची हमी आणि आपला कुळहक्क विकण्याची मोकळीक, या तिच्या मागण्या. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस गावच्या सभेत पार्नेलने लोकांना विचारले, शेजाऱ्याला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो कसायला घेतो त्याचे काय करायचे? गर्दीतून कोणी ओरडले, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. रस्त्यात भेटला तर बोलू नका, दुकानात बोलू नका, बाजारात बोलू नका, देवळातसुद्धा नाही. त्याला एकटा पाडा.

चारच दिवसांत मेयोमध्ये याची परीक्षा झाली. लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट देऊ केली होती, कुळे पंचवीस टक्के मागत होती. बॉयकॉटने अकरा कुळांना उठवण्याच्या नोटिसा काढल्या. त्या बजावायला माणूस पोलीस घेऊन निघाला, तेव्हा बायकांनी दगड, चिखल आणि शेण मारून त्याला पिटाळले. दुसऱ्या दिवशी लोक बॉयकॉटच्या घरावर गेले आणि तिथल्या गड्यांना व मोलकरणींना काम सोडायला लावले. मग लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार सामान देईना. पोटापाण्याचे जिन्नस दुसऱ्या गावाहून सरोवरातून होडीने आणावे लागले. शेतात बटाटे आणि सलगम तयार होते, पण उपटायला एक हात मिळेना.

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले आणि इंग्लंडभर बोभाटा झाला. आयर्लंडच्या उत्तर भागातून पन्नास स्वयंसेवक पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी सुमारे एक हजार शिपाई आणि पोलीस. पाऊस कोसळत होता, गाडी द्यायला कोणी तयार नव्हते, म्हणून शेवटची वाट त्यांनी पायी तुडवली. स्थानिक लोकांनी त्यांच्यावर हात टाकला नाही, नुसती पाठ फिरवली. दोन आठवडे खपून जे पीक निघाले त्याची किंमत जेमतेम पाचशे पौंड, आणि ते काढायला सरकारचा खर्च आला दहा हजार पौंडांच्या घरात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! नोव्हेंबरच्या अखेरीस बॉयकॉट कुटुंबासह निघाला तेव्हा त्याला गाडीवान मिळाला नाही. लष्कराच्या रुग्णवाहू गाडीतून, लष्कराच्याच माणसाच्या हाती लगाम देऊन त्याला स्टेशन गाठावे लागले.

शब्द याच धांदलीत जन्मला. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार तिथल्या पाद्र्याकडे, फादर जॉन ओमॅली यांच्याकडे, जेवायला बसला होता. त्याचे जेवणात लक्ष नाही हे पाहून फादरनी कारण विचारले. रेडपाथ म्हणाला, एक शब्द अडला आहे. लोक जे करताहेत त्याला इंग्रजीत ‘ऑस्ट्रसिझम’ म्हणता येईल, पण तो या शेतकऱ्यांना कळायचा नाही. तो शब्द ग्रीक. अथेन्सचे नागरिक ज्याला हद्दपार करायचे त्याचे नाव खापराच्या तुकड्यावर लिहीत, त्या खापरावरून तो आलेला. फादरनी क्षणभर विचार केला आणि सुचवले, त्याला ‘बॉयकॉट करणे’ म्हटले तर? ही हकीकत रेडपाथनेच पुढे लिहून ठेवली आहे. नोव्हेंबर संपायच्या आत ‘टाइम्स’च्या रकान्यांत शब्द दिसू लागला, आणि बघता बघता फ्रेंच, जर्मन, डच, रशियन अशा भाषांनी तो उचलला. बॉयकॉट १८९७ मध्ये वारला, तोवर त्याचे आडनाव युरोपभर क्रियापद म्हणून चालत होते.

वाक्यातले कर्म होते तेच क्रियापद झाले, अशी ही दुर्मीळ गंमत. आणि त्या वाक्याचा कर्ता? कर्ते होते खंड थकलेली कुळे, शेण मारणाऱ्या बायका, लोहार, धोबीण. ज्यांच्या हाती ना जमीन, ना कोर्ट, ना पोलीस, त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली होती : आपले काम आणि आपला शब्द रोखून धरणे. पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, ग्लॅडस्टनच्या सरकारने जमिनीचा नवा कायदा केला आणि कुळांच्या मुख्य मागण्या बऱ्याच अंशी मान्य झाल्या.

सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असे मात्र समजू नका. घरगडी काही सगळे आपखुशीने निघाले नव्हते, काहींना धमकावले होते. टपाल नेणाऱ्या पोरालाही दम दिला गेला. पार्नेलने एनिसला ज्याच्याबद्दल लोकांना विचारले तो तर कारभारीही नव्हता, दुसऱ्याची जमीन घेणारा एक शेतकरीच होता. म्हणजे या हत्याराला दोन्हीकडून धार आहे हे पहिल्याच दिवशी दिसले होते.

आता आपल्याकडे या.

इंग्रजीला १८८० साली जो शब्द नव्याने घडवावा लागला, त्या कामासाठी आपल्याकडे शब्दांची रासच होती. बहिष्कार, वाळीत टाकणे, ग्रामण्य, हुक्कापाणी बंद, रोटीबेटी व्यवहार बंद. ज्या भाषेत एका कृत्याला इतके शब्द असतात, तिथे ते कृत्य रोजचेच असते. फरक एवढाच की या सगळ्या शब्दांत कर्ता उलटा आहे. तिकडे कुळांनी कारभाऱ्याला एकटे पाडले. इकडे गावाने, जातीने, पंचांनी एखाद्या घराला एकटे पाडले.

चहाच्याच दोन गोष्टी घ्या. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली. मिशनऱ्यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली आणि पुण्यात ग्रामण्याचा धुरळा उठला. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. तेव्हा चहा घेतला म्हणून बहिष्कार, आज चहा घ्यायचा नाही म्हणून बहिष्कार. शब्द तोच, पण पहिल्या वाक्यात माणूस कर्म आहे आणि दुसऱ्यात चहा. सगळा फरक तिथेच आहे.

तीन वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. कोकणातल्या मुरूड गावी त्यांच्या ज्ञातीची सभा भरली आणि त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्यांना घरात घेतले तर आई-भावांवरही तीच पाळी येणार होती. गावाच्या बहिष्काराची ही खास युक्ती. शिक्षा एकाला आणि कोंडी त्याच्यावर माया करणाऱ्यांची. त्याआधी १८४९ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंना घराबाहेर पडावे लागले तेही असेच. गोविंदराव फुल्यांवर लोकांनी दडपण आणले आणि बापाला मुलाला दार दाखवावे लागले.

कर्व्यांच्या लग्नानंतर बारा वर्षांनी वारे फिरले. बंगालच्या फाळणीविरुद्ध १९०५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी विलायती कापडाची होळी केली. आणि ज्यांच्यावर पंधरा वर्षांपूर्वी चहापायी ग्रामण्य झाले होते, त्याच टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला बहिष्कार बसवून चतुःसूत्री केली. मराठीतला जुना शब्द आयर्लंडच्या अर्थाने वापरात आला. आता कर्ता होता गिऱ्हाईक आणि कर्म होते मँचेस्टरचे कापड. १९२८ मध्ये सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले तेव्हाचा बहिष्कारही याच जातीचा.

पण नवा अर्थ आला म्हणून जुना गेला नाही. दोन्ही एकाच शब्दाच्या छपराखाली राहू लागले. हे सर्वांत स्पष्ट पाहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२४ ची त्यांची संस्था बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ चे त्यांचे पाक्षिक ‘बहिष्कृत भारत’. देश ज्या शब्दाला लढ्याचे शस्त्र म्हणत होता, त्याच शब्दाचे कर्म झालेले लोक त्यांनी पहिल्या पानावर आणून ठेवले. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. पाणवठ्याचा, शाळेचा साधा हक्क मागितला की अस्पृश्यांची मजुरी बंद होते, दुकान बंद होते, वाट बंद होते, हे त्या समितीने नोंदवले. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागणी केली की असा बहिष्कार हा गुन्हा ठरवा. मसुद्याला आधार म्हणून त्यांनी ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला.

ती मागणी पुरी व्हायला फार वर्षे लागली. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातबहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. दरम्यान गावकी आणि जातपंचायती आपला कारभार चालवतच राहिल्या. रायगडसारख्या मुंबईला चिकटलेल्या जिल्ह्यातून तक्रारींवर तक्रारी येत राहिल्या. २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचे अभियान चालवले. अखेर २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला ते किरकोळ वाटते. जरा जवळ जाऊन बघा. सकाळी पिठाच्या गिरणीवर डबा ठेवला तर गिरणीवाला मान खाली घालून म्हणतो, आज लाइट नाही. मागे मशीन चालूच असते. किराणावाला सुटे नसल्याचे सांगतो. रिक्षात मूल बसले की बाकीची मुले उतरतात. मुलीच्या लग्नाला मांडव रिकामा. आणि घरात कोणी गेले तर तिरडीला खांदा द्यायला चौथा माणूस मिळत नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उचलला नाही, पोलिसांत सांगायचे तर काय सांगायचे? गाव सगळे जागच्या जागी असते आणि तुम्ही नसता.

म्हणून माझे आवाहन आहे ते असे.

एक. बॉयकॉट म्हणण्याआधी कर्म कोण ते पाहा. वस्तू, कंपनी, कार्यक्रम, निवडणूक असेल तर तो तुमचा हक्क आहे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी गाव वेशीवर मतदान बहिष्काराचा फलक लावते, ते सरकारला आपले म्हणणे सांगणे आहे. विशिष्ट साबण घ्यायचा नाही, अमका सिनेमा पाहायचा नाही, हे तुमचे पैसे आणि तुमची मर्जी. पण कर्माच्या जागी घर नंबर, आडनाव किंवा जात आली की थांबा. तो बॉयकॉट राहिलेला नाही, ते वाळीत टाकणे आहे.

दोन. ज्याच्यावर बहिष्कार घालतोय त्याला दुसरी वाट आहे का, हे विचारा. लॉक मास्कच्या कारभाऱ्यामागे हजार शिपाई उभे राहिले. गावातल्या एका घरामागे कोण आहे? कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून त्याच्या धर्मामुळे भाजी घेऊ नका, असा संदेश फिरतो तेव्हा तुम्ही मँचेस्टरशी लढत नसता. एका हातगाडीवर तुटून पडत असता.

तीन. कर्ता खरेच तुम्ही आहात का, ते तपासा. सामील झाला नाहीत तर दंड, नाहीतर तुमच्यावरही बहिष्कार, असे कोणी म्हणाले की तुमची मर्जी संपली. तुम्हीही त्या वाक्यात कर्मच आहात, फक्त पाळी अजून आली नाही.

चार. मागणी काय आणि ती मान्य झाली की हे कधी उठणार, ते विचारा. मेयोच्या कुळांना पंचवीस टक्के सूट हवी होती. ज्या बहिष्काराला मागणी नाही आणि शेवट नाही, ती नुसती शिक्षा असते, आणि शिक्षा देण्याचे काम कोर्टाचे आहे.

पाच. बातम्या लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी एक वाक्य मनातून काढून टाकावे : कुटुंबाला वाळीत टाकण्यात आले. टाकण्यात आले म्हणजे कोणी टाकले? या वाक्यरचनेत कर्ता आयता लपतो. ‘गावाने निर्णय घेतला’ हेही तसेच. गाव निर्णय घेत नाही. बैठकीला ठराविक माणसे बसलेली असतात, एकजण बोलतो, बाकीचे माना डोलावतात. त्या बैठकीत तुम्हीही असाल तर मान हलवायच्या आधी लक्षात ठेवा की बहिष्कार ठरवण्यासाठी सभा बोलावणे हाही कायद्याने गुन्हा आहे.

सहा. तुमच्यावर किंवा शेजाऱ्यावर हे होत असेल तर गप्प राहू नका. गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांना तक्रार घ्यावीच लागते, थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडेही जाता येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला मिळू शकते. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसावर असा बहिष्कार घातला तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. ग्रुपवरचा संदेश पुसू नका, जपून ठेवा. कोणत्या तारखेला कोणी सामान नाकारले, कोण हजर होते, हे वहीत लिहा. आणि सगळ्यात सोपे म्हणजे त्या घरी जाऊन बसा. चहा घ्या. वाळीत टाकायला गाव लागते, पण वाळीत टाकलेल्याच्या ओटीवर बसायला एकजण पुरतो.

शब्दांपुरते बोलायचे तर ‘बॉयकॉट’ मराठीत आला आहे, राहू द्या. त्याला हाकलून लावायची गरज नाही, तो सव्वाशे वर्षांचा पाहुणा आहे. फक्त त्याच्या पोटात ‘वाळीत टाकणे’ लपवू नका. जिथे माणूस तोडला जातो तिथे खुशाल तोच जुना, खरखरीत मराठी शब्द वापरा. तो उच्चारताना लाज वाटते, आणि तेवढी वाटलीच पाहिजे.

सोसायटीच्या ग्रुपवर आज रात्री पुन्हा तो संदेश येईल. तिसऱ्या मजल्यावाल्याची बाकी खरीच थकली असेल तर उपनिबंधक आहेत, नियम आहेत, वसुलीचा दावा आहे. त्याची मुले मात्र उद्या संध्याकाळी खाली खेळायला येतील. त्यांना खेळात घ्या असे आपल्या मुलांना सांगा, आणि अंगठा खिशात ठेवा.